तिळगुळाचे जाजम

पौष महिना लागला म्हणजे ज्ञातिमंडळांच्या कार्यालयांतून तिळगूळ समारंभाच्या पत्रिका निघू लागतात. सभागृह ठरते, वाणाच्या वस्तूंची खरेदी होते, महिला समिती लाडवांसाठी तीळ किती व गूळ किती याचा हिशेब मांडू लागते आणि वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहिलेली कुटुंबे त्या एका सायंकाळी एकत्र येतात. हा समारंभ इतका अंगवळणी पडला आहे की, तो मकरसंक्रांतीइतकाच प्राचीन असावा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. परंतु ती यथार्थ नाही. सण प्राचीन आहे. समारंभ अर्वाचीन आहे. घरच्या ओटीवरून व माजघरातून हा सण सभागृहात कसा आला आणि येताना त्याने बरोबर काय आणले, याचा विचार स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते. या इतिहासात केवळ कुतूहलाचा भाग नाही. आपल्या समारंभाच्या दारातून कोण आत येते व कोण घरीच राहते, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

घरातला सण

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीने येतात; संक्रांत मात्र सूर्याच्या गतीने येते. सूर्याचा मकर राशीत प्रवेश होतो तो हा दिवस. त्यामुळे इंग्रजी पंचांगात ती जवळजवळ एकाच तारखेस पडते. परंतु तीही अगदी स्थिर नाही. सुमारे ७२ वर्षांत ती एक दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आज तीच संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. जो सण आपण अचल मानतो तोही आकाशात हळूहळू पुढे चाललेला आहे, ही गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

आदल्या दिवशी भोगी, मग संक्रांत व दुसऱ्या दिवशी किंक्रांत, असा हा तीन दिवसांचा सण. भोगीस हरभरे, वांगी, गाजर, घेवडा, पावटा अशा त्या ऋतूच्या सर्व शेंगाभाज्या एकत्र शिजवून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खावयाच्या. संक्रांतीस कुंभाराकडून आणलेल्या नव्या सुगडांना हळदकुंकवाची बोटे ओढावयाची. त्यांत हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरे, गव्हाच्या ओंब्या व तिळगूळ भरून ती देवापुढे ठेवावयाची आणि सवाष्णींना वाण म्हणून द्यावयाची. थंडीच्या दिवसांत अंगास स्निग्ध व उष्ण पदार्थ हवेत आणि रब्बीचे पीक शेतात उभे असताना त्यातील पहिला वाटा शेजाऱ्यास द्यावा, ही या साऱ्यामागील सरळ दृष्टी आहे. पुढे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे चालत. काळी चंद्रकळा नेसून नववधू हलव्याचे दागिने घालीत. लहान मुलांचे बोरन्हाण होई.

या सणाच्या साहित्यास गावातील किती हात लागत हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. सुगड कुंभाराचे, बांगडी कासाराची, तेल तेल्याचे, भाजी माळ्याच्या मळ्यातील, ऊस व हरभरा कुणब्याच्या शेतातील. एका सुगडात अर्धे गाव सामावलेले असे. परंतु ज्या हातांनी ते सुगड भरले, ते हात एका ठिकाणी कधी जमत नसत. प्रत्येकाने आपापल्या आळीत, आपापल्या उंबरठ्याच्या आत सण साजरा करावयाचा, अशी रीत होती.

येथे आणखी एक भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढील विवेचनाचा सारा भार त्यावर आहे. संक्रांतीच्या दिवशी घरात दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात. एक तिळगूळ देणे व दुसरी हळदीकुंकू लावून वाण देणे. तिळगूळ सर्वांना दिला जातो. लहानाने मोठ्यास द्यावा, मालकाने गड्यास द्यावा, भांडलेल्याने भांडलेल्यास द्यावा आणि घरातील आजीच्या हातावर तो ठेवून तिला नमस्कार करावा. मग ती आजी सवाष्ण असो वा नसो. हळदीकुंकू व वाण हे मात्र सवाष्णीपुरतेच. घरात या दोन गोष्टी वेगळ्या असल्यामुळे कोणासही सणाबाहेर राहावे लागत नसे. ज्या बाईला कुंकू लावावयाचे नाही असे रूढीने ठरविले होते, तिच्याही हातावर तिळगूळ पडत असे.

पहिले जाजम

उंबरठ्याच्या आतील हा सण समाजात आणण्याचे जे प्रारंभीचे प्रयत्न झाले, त्यांत एक प्रसंग विशेष मोलाचा आहे. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महिला सेवा मंडळ स्थापन केले आणि १४ जानेवारी १८५२ रोजी त्या मंडळातर्फे तिळगूळ समारंभ झाला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुण्याचे तत्कालीन कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी अध्यक्षस्थानी होत्या. या समारंभाच्या निमंत्रणात एक अट स्पष्ट घातलेली होती. कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसविले जाईल, जातिभेद किंवा पक्षपात न करता हळदीकुंकू लावून तिळगूळ वाटला जाईल, असा तिचा आशय होता.

ही अट किती धाडसाची होती हे समजण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. पेशवाई संपून अवघी ३४ वर्षे झाली होती. भिडे वाड्यातील मुलींची शाळा निघून चारच वर्षे लोटली होती व शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकली जात असे. अशा वेळी सावित्रीबाईंनी स्त्रियांना एकत्र आणण्यासाठी व्याख्यानाचे किंवा परिषदेचे निमित्त योजिले नाही, तिळगुळाचे योजिले. सणाचे निमित्त असे होते की, त्यास कोणत्याही घरातून नकार सहजी येऊ नये. जुन्या सणाच्या पात्रात नवा आशय घालण्याची ही रीत पुढे अनेकांनी अनुसरली. लोकमान्यांच्या पुढाकाराने १८९३–९४ च्या सुमारास घरातला गणपती चौकात आला, त्याच्या चार दशके आधी तिळगूळ घरातून जाजमावर आला होता.

आपण आज जो समारंभ करतो त्याचे एक मूळ येथे आहे. ज्ञातिसंस्थेने हे विसरून चालणार नाही, कारण ते मूळ ज्ञातीच्या भिंतीत नाही. ती भिंत ओलांडण्यात आहे.

शहर, रविवार आणि ज्ञातिसंस्था

दुसरे मूळ शहराच्या घडणीत आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात कोकणातून व देशावरून माणसे मुंबईस आली व चाळींतून राहू लागली. गावी ज्या घरांत वाण द्यावयाचे ती घरे एका आळीत असत. मुंबईत ती गिरगाव, परळ, कल्याण अशी पांगली. दाराशी सुगडे घेऊन येणारा ओळखीचा कुंभार राहिला नाही. तेव्हा सर्वांनी एका ठिकाणी जमून सण करावा, ही कल्पना सोयीतून निघाली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने अशा मंडळींना घटना, पदाधिकारी व हिशेब यांचे रूप दिले.

परंतु जमावयाचे केव्हा? संक्रांत बुधवारी आली तर गिरणीतील माणसाने काय करावे? आज आपण समारंभ संक्रांतीनंतरच्या रविवारी ठेवतो, व त्यात काही विशेष आहे असे कोणास वाटत नाही. तो रविवार फुकट मिळालेला नाही. सत्यशोधक कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची सभा उभी करून अनेक वर्षे चळवळ केली, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. ज्ञातिबांधवांच्या मेळाव्यास सवड मिळाली ती या चळवळीमुळे. लोखंडे यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ज्ञातिसंस्थांचे कार्य विस्तारले. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यास साहाय्य केले. शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवरसूचन, मासिक आणि वार्षिक संमेलन ही ज्ञातिसंस्थेची अंगे बनली. तिळगूळ समारंभ त्यांत सहज सामावला.

गावोगावच्या रीती

अशा समारंभांचे एक फळ असे की, एकाच ज्ञातीतील निरनिराळ्या प्रांतांच्या रीती एकमेकींस भेटल्या. देशावरील भगिनी भोगीच्या बाजरीच्या भाकरीची वाखाणणी करू लागल्या, तर जेथे बाजरी पिकत नाही त्या कोकणातील भगिनींनी तांदळाची भाकरी पुढे केली. बडोद्याहून आलेली कुटुंबे संक्रांतीस उत्तरायण म्हणत व त्यांच्या मुलांच्या हातांवर मांज्याचे कापे असत. बेळगाव-धारवाडकडील कुटुंबांनी तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे व डाळे यांचे मिश्रण आणले. कानडीत त्यास एळ्ळु-बेल्ल म्हणतात आणि ते देताना उच्चारावयाचे शब्द आपल्या ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ यांचाच अर्थ सांगतात. भाषा बदलली तरी अपेक्षा एकच, हे ऐकून अनेकांना आनंद वाटतो.

या देवघेवीतून एक सत्य आपोआप स्पष्ट होते. प्रत्येक कुटुंब आपली रीत हीच मूळ व शुद्ध असे समजून येते. पण शेजारच्या ताटात पाहिले म्हणजे रीत प्रदेशानुसार, पिकानुसार व काळानुसार बदलत आली आहे असे दिसते. तिळाच्या लाडवात आज आपण शेंगदाण्याचे कूट हमखास घालतो. तो शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पोर्तुगीज दर्यावर्दींनी त्या खंडाची वाट उघडली त्यानंतरच तो आपल्याकडे पोहोचला. काटेरी हलवा पूर्वी घरोघर शेगडीच्या मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस घालून, पाकाचा थेंब थेंब सोडीत, हाताने हलवून तयार करीत. त्यास दिवसचे दिवस लागत. आज तो बहुधा दुकानातून येतो. वाणाच्या मातीच्या सुगडांची जागा प्रथम स्टीलच्या वाट्यांनी व नंतर प्लास्टिकच्या डब्यांनी घेतली. या बदलांमुळे धर्म बुडाला अशी तक्रार कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग बदल सोसेना तो कोठे, हे पाहिले पाहिजे.

पत्रिकेतील एक शब्द

तो सोसेना तो ‘सुवासिनी’ या शब्दाच्या ठिकाणी. घरात तिळगूळ व हळदीकुंकू या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, हे वर सांगितले आहे. सभागृहात आल्यावर त्या एक झाल्या. पत्रिकेवर ‘तिळगूळ व हळदीकुंकू समारंभ’ असे एकत्र छापले जाऊ लागले आणि तिळगुळाचे रुंद दार कुंकवाच्या मापाने अरुंद झाले. ज्या भगिनीचा पती निवर्तला, ती घरी तिळगुळास पात्र होती. सभागृहात मात्र आपल्यास बोलावणे आहे की नाही याची तिलाच शंका वाटू लागली. ती आली तर मागच्या रांगेत बसते. बहुधा येतच नाही. कोणी तिला येऊ नका म्हणत नाही. तसे म्हणण्याची आवश्यकताच रूढीने ठेवलेली नाही.

ही रूढी आपल्या सर्व ज्ञातींत सारख्याच जोराने पूर्वापार होती, असेही नाही. अनेक ज्ञातींत पाट लावण्याची मोकळीक होती. विधवेचा पुनर्विवाह तेथे नवलाचा नव्हता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला तो ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध होता त्यांना उद्देशून. पुढे शिक्षण व प्रतिष्ठा मिळवू लागलेल्या काही ज्ञातींनी वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे अनुकरण करताना आपला पाट टाकला व त्यांची बंधने उचलली. या प्रक्रियेस समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण असे नाव दिले. ज्याला आपण कुळाची परंपरा म्हणतो, तो कित्येकदा उसना घेतलेला अलंकार असतो. आणि त्याचे ओझे मात्र स्त्रियांच्या अंगावर असते.

उलट दिशेने गेलेली ज्ञातीही आहे व तिचा आदर्श आम्हांस फार मोठा वाटतो. १८९० साली मुंबईतील नाभिक समाजाने सभा भरवून विधवांच्या केशवपनाचे काम यापुढे करावयाचे नाही, असा निश्चय केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचीच प्रेरणा होती. ज्या कामावर पोट चाले त्या कामातील एक भाग त्या गरीब कारागिरांनी अन्यायाचा म्हणून नाकारला. ज्ञातीने सभेत एकत्र येऊन रूढी मोडता येते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते? ज्ञातीच्या सभेने बहिष्काराचेही हत्यार चालविले आहे. ते आवरण्यासाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. सभेचे सामर्थ्य दोन्हींकडे वळते. ते कोणीकडे वळवावयाचे, हे सभासदांच्या हाती असते.

याच काळात धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला व १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी, संक्रांतीच्या दिवसांतच निवर्तले. त्यानंतर रमाबाईंनी मुंबई व पुणे येथील सेवासदनाच्या कार्यास आयुष्य वाहिले. पुण्याचे सेवासदन १९०९ मधील. शेकडो स्त्रियांना ज्यांनी उभे केले त्या रमाबाई रूढीच्या दृष्टीने हळदीकुंकवास अपात्र होत्या.

आणि सावित्रीबाई? जोतीरावांचा अंत २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाला. अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. १८९३ साली सासवड येथील सत्यशोधक समाजाच्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. म्हणजे आयुष्याची शेवटची सहा वर्षे त्या विधवा होत्या. १८५२ मध्ये ज्या स्त्रीने सर्वांसाठी जाजम अंथरले, ती १८९२ मध्ये आपल्या रीतीच्या एखाद्या समारंभास आली असती, तर स्वागतास दारात उभ्या असलेल्या भगिनींनी कुंकवाची कुयरी तिच्यापुढे धरली असती, की क्षणभर थांबून ती पुढच्या बाईकडे नेली असती? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे.

हेरवाडचा ठराव

हे सर्व जुने झाले, असे म्हणता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव करून पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या. करोनाच्या साथीत अनेक तरुण स्त्रिया अकाली विधवा झाल्या होत्या, ही त्याची पार्श्वभूमी. शाहू छत्रपतींच्या निधनास ६ मे रोजी १०० वर्षे पूर्ण व्हावयाची होती, त्याच्या दोनच दिवस आधी हा ठराव झाला. त्याच महिन्याच्या १७ तारखेस राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे, असे सुचविले. जे एका खेड्यास साधले ते शहरातील सुशिक्षित ज्ञातिसंस्थेस कठीण का वाटावे?

काही ज्येष्ठ सभासद म्हणतील की, आमच्या घरातील वृद्ध स्त्रियाच कुंकू लावून घेण्यास राजी होणार नाहीत. त्यांच्या भावनेचे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे व त्याचा आदर केला पाहिजे. जिने ४० वर्षे कपाळ मोकळे ठेवले तिला सभेत आग्रह करणे ही दुसऱ्या प्रकारची निष्ठुरता होईल. परंतु तिने नको म्हणणे व आपण तिला न विचारणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कुयरी सर्वांपुढे सारखीच यावी. घेणे न घेणे ज्याच्या त्याच्या मनावर. तिळगूळ व वाण यांना तर कोणतीच अट नको. तिळाच्या दानास घेणाऱ्याच्या कपाळाचे माप लागत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पत्रिकेतील ‘सुवासिनी’ हा शब्द काढून तेथे ‘सर्व भगिनी’ असे छापावे. आपल्या ज्ञातीत विवाह करून आलेल्या परज्ञातीच्या सुना, परज्ञातीत दिलेल्या कन्या व त्यांच्या सासरची मंडळी यांना स्वतंत्र निमंत्रण जावे, कारण त्यांची जागा पाहुण्यांच्या रांगेत नाही. ज्यांचे पती निवर्तले आहेत अशा भगिनींकडे समितीच्या सभासदांनी स्वतः जाऊन बोलावणे करावे; छापील पत्रिकेपेक्षा दाराशी आलेले माणूस अधिक विश्वास देते. वाण लुटण्याचा आरंभ समाजातील सर्वांत वृद्ध भगिनीच्या हस्ते व्हावा, मग ती सवाष्ण असो वा नसो. आणि समारंभात प्रत्येक गावच्या एका तरी भगिनीने आपल्याकडील भोगीची, हलव्याची वा बोरन्हाणाची रीत सांगावी. ती लिहून घेऊन पुढील स्मरणिकेत छापावी. अशा रीती ज्यांना पाठ आहेत त्यांत वृद्ध विधवा भगिनीच अधिक आहेत. त्यांना बाहेर ठेवून परंपरा जतन करू पाहणे म्हणजे विहीर बुजवून पाणी शोधणे होय.

सभागृह नव्या धर्तीचे असले व खुर्च्या मांडलेल्या असल्या तरी त्या दिवशी निदान व्यासपीठापुढे एक मोठे जाजम अंथरावे. त्यावर कोणी कोठे बसावे हे ठरविण्याचे काम समितीने स्वतःकडे घेऊ नये.